फोर बाय फोर लावलं, तरी गाडी काळ्या मातीत रुततेच: आधी काय बघायचं

जुलै संपत आला की पोळ्यापर्यंत मला एकच फोन वेगवेगळ्या नंबरांवरून येतो. "मामा, फोर बाय फोर लावलंय, तरी जागची हलत नाही." मामा म्हणणारे सगळे माझे भाचे नाहीत. एका सख्ख्या भाच्याने माझा नंबर वाटला आणि यावल-चोपड्याकडच्या कितीतरी नव्या गाड्यांचा मी मामा होऊन बसलो. डिसेंबर-जानेवारीत पुन्हा तोच प्रश्न येतो, फक्त तेव्हा मागून मनालीचा गलका ऐकू येतो. फोनवर जे सांगतो तेच इथे लिहून ठेवतो.

मागच्या ऑगस्टची गोष्ट. तीन दिवस झड लागलेली. भाचा नवी गाडी घेऊन केळीच्या बागेकडे निघाला. पाणंदीत जेमतेम शंभर पावलं आत गेला आणि बसला. मी मोटरसायकल डांबरावर ठेवून चालत गेलो, तोवर माझ्या प्रत्येक चपलेखाली किलोभर माती आली होती. गाडीपाशी पोचलो तर टायर दिसेचना. टायरच्या जागी मातीने सारवलेला, गुळगुळीत, चकाकता रांजण. नक्षीची एक रेघ दिसेल तर शपथ. ट्रॅक्टरवाला आला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "चारी चाकं फिरी राह्यले भो, पन धरतीन कशाले?"

या प्रश्नात अर्धं उत्तर आलं. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चार चाकांपर्यंत नेण्याची सोय. ते चाक जमिनीला धरेल की नाही, हे लिव्हर ठरवत नाही.

आधी उतरा आणि चाकं बघा

रुतल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? ॲक्सिलरेटर दाबतो. दहा सेकंदांत गाडी आणखी वीतभर खाली जाते. त्याऐवजी एका माणसाला गाडीच्या बाजूला, दहा-पंधरा फुटांवर उभं करा. पुढे किंवा मागे चाकाच्या रेषेत नको, दगड गोळीसारखा सुटतो. मग क्लच अलगद सोडून चाक एक-दोन फेरेच फिरवा आणि त्याला विचारा, कोणतं फिरलं?

फक्त मागचीच फिरली, तर तुमचं फोर बाय फोर लागलेलंच नाही. जुन्या जीपांच्या पुढच्या चाकांच्या मध्यावर हाताने फिरवायचे हब असतात, चाक शाफ्टला जोडणारे. लिव्हर आत टाकलं तरी हब 'फ्री'वर असेल तर पुढचा शाफ्ट नुसता फिरतो, चाक ढिम्म. दोन्ही बाजूंचे हब 'लॉक'वर आहेत का ते बघा. एकच लॉक असेल तरी उपयोग शून्य, कारण डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा) सगळी फिरकी मोकळ्या बाजूला देऊन टाकतं. माझ्या जुन्या जीपचा डावा हब चिखल वाळून असा गच्च बसला होता की मी पाना लावून त्याचा कान तोडला. तेव्हापासून मृग लागायच्या आधी दोन्ही हब उघडून, ग्रीस बदलून, दोन-चारदा इकडेतिकडे फिरवून ठेवतो. चिखलात उभं राहून हब फिरवण्यापेक्षा डांबर सोडतानाच ते लॉक करून घेतलेले बरे.

नव्या गाड्यांत हबची कटकट नाही, पण लिव्हर अर्धवट बसतं. डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत असेल तर गिअर पूर्ण अडकलेला नाही. फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाकताना क्लच दाबून गाडी सरळ, हळू चालती असली की दात पटकन बसतात. फोर-एलसाठी (चारही चाकांना जोर, वेग कमी पण ताकद जास्त) मात्र गाडी थांबलेली किंवा जेमतेम सरकत असलेली हवी. आणि फोर-एचमधून फोर-एलला जाताना मध्ये 'एन', म्हणजे न्यूट्रल, लागतं. लिव्हर तिथेच राहिलं तर गिअरमध्ये असूनही चारही चाकं मोकळी. उतारावर हे लक्षात नसेल तर गाडी आपली आपण निघते, म्हणून तिथे त्या लिव्हरला हात लावण्याआधी हँडब्रेक ओढलेला असू द्या.

पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच फिरताहेत, बहुतेक वेळा तिरपी समोरासमोरची? मग गाडीत बिघाड नाही. साधं डिफरन्शिअल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. ज्या चाकाखाली काही धरायला नाही त्याला फिरवायला जोर लागतच नाही, मग दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य मिळतो. जुन्या गाडीत यावर एक गावठी उपाय आहे: पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरला हलका ॲक्सिलरेटर ठेवून डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबायचा. मोकळं फिरणारं चाक आवळलं जातं आणि पलीकडच्याला जोर जातो. क्लच दाबायचा नसल्याने डावा पाय रिकामाच असतो. नव्या गाड्यांत हेच काम कॉम्प्युटर करतो. तो एकेका चाकाला ब्रेक लावत असताना खालून कट-कट, खर-खर असा आवाज येतो आणि नेमकं त्याच वेळी लोक घाबरून पाय काढतात. पाय काढू नका. तीन-चार सेकंद ॲक्सिलरेटर स्थिर ठेवा, तेवढा वेळ त्या यंत्रणेला लागतोच. उलट इंजिनच दबून जात असेल, दाबलं तरी आवाज चढत नसेल, तर ईएसपीचं (गाडी घसरू नये म्हणून इंजिनाचा जोर कापणारी यंत्रणा) बटण दाबून ते बंद करा. बऱ्याच गाड्यांत त्यानंतरही ब्रेकवाली मदत चालू राहते. मागच्या डिफरन्शिअलला लॉक असेल तर तेही आता वापरायचं, सरळ निघेपर्यंतच.

एकही चाक फिरत नाही, इंजिन बंद पडतं, असं झालं तर गाडी पोटावर टेकली आहे किंवा मडगार्डमध्ये माती ठासून चाक जाम झालं आहे. इथे कुठलंच लिव्हर चालत नाही, फक्त फावडं चालतं. मडगार्डमधली माती आपल्या हाताने ओढून काढायची. काठीने निघत नाही, ओल्या कणकेसारखी काठीलाच लागते.

आणि चारही चाकं फिरताहेत, गाडी मात्र तिथेच, हा भाच्याचा प्रकार. ऑगस्टातले बहुतेक फोन याचेच. याबद्दल जरा सविस्तर.

तीन प्रकारचा चिखल

आपली काळी माती काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली आहे. तापी-पूर्णेच्या पट्ट्यात ती वाहून येऊन खोलवर साचली. तिच्यात चिकणमातीचे बारीक पापुद्रे इतके असतात की पाणी प्यायली की ती फुगते, आणि मे महिन्यात आकसून अशा भेगा पडतात की त्यात अख्खा हात जातो. ओल्या पापुद्र्यांवर पापुद्रे घसरतात. त्यावर टायर जितका जास्त फिरवाल तितकी ती जागा घोटून गुळगुळीत होते, कुंभार चाकावर मडकं घोटतो तशी. म्हणून फिरकी देणं हा उपाय नाही, रोगच आहे.

पण चिखल सगळा एकसारखा नसतो आणि इथेच लोक चुकतात. मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा वरची दोन बोटं ओली असतात, खाली जमीन अजून दगड. या वेळी टायरची हवा फार कमी करू नये. अरुंद टायर वरचा लगदा कापून खालच्या घट्ट थराला टेकतो आणि निघतो. या दिवसांत रुतण्यापेक्षा घसरण्याची भीती जास्त: पाणंदीचा मध्य उंच असतो, गाडी आडवी सरकत सरळ चारीत जाते. वेग बैलगाडीचा ठेवा, स्टिअरिंगला झटका देऊ नका.

चार-पाच दिवस झड लागली की माती आतून भिजते. आता खाली टेकायला काही नाही, तरंगत जायचं. इथे हवा कमी करायची. रस्त्यावर ३२ पीएसआय ठेवत असाल तर मी १८-२० वर आणतो. टायर लांबट पसरतो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं. १५ च्या खाली मी जात नाही, वळताना टायर रिममधून सुटण्याचा धोका असतो. गिअर फोर-एलचा दुसरा किंवा तिसरा, पहिला नाही. पहिल्यात चाकाला एवढा जोर येतो की ते लगेच फिरकी घेतं. एकदा निघालात की मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची. बारा व्होल्टचा छोटा पंप मिळतो, तो नसेल तर हवा सोडूच नका. कमी हवेवर आपल्या उन्हात हायवेला पळवलं तर टायरची कड तापून फाटते.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत फसवा. पाऊस उघडून दोन दिवस झाले, वर ऊन पडलं, रस्ता सुकल्यासारखा दिसतो. ही माती आता लोण्यासारखी नाही, गुळाच्या पाकासारखी असते. प्रत्येक फेऱ्याला टायरवर एक थर चढवते, नक्षी बुजते आणि बघता बघता चाक मडगार्डला घासायला लागतं. फोर बाय फोर असो, मड-टेरेन टायर असो, इथे सगळे सारखे. मड-टेरेनच्या मोठ्या खाचांतली माती चाक जोरात फिरलं की फेकली जाते हे खरं, पण या टप्प्याची माती तेवढीही सुटत नाही. शेतकऱ्याला वाफसा, म्हणजे ओल पेरणीजोगी कधी होते ते, कळतो, पेरणीसाठी तो थांबतो. गाडीसाठीही थांबा. जायलाच लागलं तर ट्रॅक्टरच्या चाकोरीतून नको. ती खोल असते आणि आपलं पोट मध्यावर टेकतं. एक बाजूची चाकं चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बांधाकडच्या गवतावर ठेवा. गवताची मुळं माती धरून ठेवतात.

चाकाखाली काय टाकायचं

केळीची पानं आणि खांब टाकू नका. आमच्याकडे हाताशी तेच असतं, म्हणून प्रत्येक जण तेच टाकतो. केळीचा खांब म्हणजे जवळजवळ सगळं पाणी. चाकाखाली चिरडला की साबणाचा फेस. खताची रिकामी प्लॅस्टिक गोणी त्याहून वाईट, ती टायरबरोबर फिरून मागे उडते. तुरीच्या तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या उत्तम, पण चाकाला आडव्या टाका आणि टोकं बाहेर राहू द्या. हवा कमी केलेल्या टायरच्या कडेत वाळलेली पऱ्हाटी खिळ्यासारखी घुसते. गोणपाट मिळालं तर ओलं करून, माती खरवडून, चाकाच्या अगदी तोंडाशी खोचून द्यायचं. आणि शक्य तर पुढे नाही, मागे निघायचं. ज्या वाटेने आलात ती वाट तुमच्याच चाकांनी दाबलेली आहे.

ट्रॅक्टरने ओढताना दोरी गाडीच्या ठरलेल्या हुकलाच. बंपर, ॲक्सल, ट्रेलरचा गोळा यांना नाही. दोरीच्या मध्यावर जुनी भिजवलेली गोधडी टाका, दोरी तुटली तर झोका तिथेच मरतो. ट्रॅक्टरलाही दोरी खालच्या हिचलाच लावायची. वर लावली आणि ओढ बसली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटतो.

बाहेर आलात, पण लिव्हर निघत नाही

रुतण्याखालोखाल मला याचेच फोन जास्त येतात. थार, जिम्नी यांसारख्या पार्ट-टाइम (गरजेपुरतं लावायच्या) फोर बाय फोरमध्ये लिव्हर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (पुढेमागे जोर वाटणारा डबा) एकमेकांना जखडलेले असतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फेरे हवे असतात, पण शाफ्ट देत नाहीत. चिखलात टायर थोडा घसरून हिशोब चुकता करतो. कोरड्या डांबरावर घसरत नाही, मग तो ताण शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडखळते, खालून ठक्‌ आवाज येतो आणि लिव्हर काही केल्या टू-एचला, म्हणजे परत दोन चाकांवर, येत नाही. भाचा यावलहून भुसावळपर्यंत तसाच गेला आणि मला म्हणाला, गिअरबॉक्स गेला.

लिव्हरवर लटकू नका. स्टिअरिंग सरळ करा, रिव्हर्स टाका आणि सरळ दहा-पंधरा फूट मागे या. पीळ उलगडतो आणि लिव्हर बोटाने येतं. तरी आलं नाही तर एका बाजूची चाकं साइडपट्टीच्या मुरमावर घेऊन पुढेमागे करा. पुढच्या वेळी डांबराला टायर लागण्याआधीच टू-एच.

आणि तो बर्फवाला फोन

चिखलात गाडी काढणाऱ्याला वाटतं, बर्फ काय, पांढरा चिखल. मलाही वाटलं होतं. एका जानेवारीत भाच्याबरोबर मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडच्या लाहौलमधल्या सिस्सूला गेलो. हा नऊ किलोमीटरचा बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि तेव्हापासून आपल्याकडची माणसं भर थंडीत तीन हजार मीटरवर पोचायला लागली. बर्फ पडल्यावर तिथे बहुधा फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात, म्हणून लोकांचा समज होतो की फोर बाय फोरला काही होत नाही.

निघते चांगली, हे खरं. पण थांबताना? ब्रेक फोर बाय फोरलाही चारच चाकांना आणि साध्या हॅचबॅकलाही चारच. उलट आपली गाडी जड. सिस्सूच्या अलीकडे एका साध्या उतारावर ब्रेक दाबला आणि चाकं थांबली, गाडी नाही. पन्नास फूट आम्ही गप्प बसून सरकलो. नंतर उतार उतरलो ते फोर-एल, दुसरा गिअर, ब्रेकला पाय न लावता. पहिला गिअर तिथे फार आवळतो, चाक अडकून घसरतं.

एक फरक मात्र चिखलाच्या उलट आहे. टायरच्या खाचांत काळी माती भरली की संपलं. बर्फ भरला की बर्फ बर्फाला चिकटतो आणि पकड थोडी वाढते. म्हणून बर्फाच्या टायरवर दाभणाने पाडाव्यात तशा बारीक चिरा असतात, बर्फ धरून ठेवायला. त्यांचं रबरही थंडीत मऊ राहतं. आपलं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. मोठ्या दातांचा मड-टेरेन टायर टणक बर्फावर तर चक्क वाईट चालतो. दरवर्षी कोणीतरी तो मनालीसाठी म्हणून चढवून घेतो. त्या पैशांत साखळ्या घ्या. त्या कोणत्या चाकांना लावायच्या ते गाडीच्या पुस्तकात बघून घ्या आणि घरी अंगणात एकदा लावून बघा. बोटं बधिर झाल्यावर शिकता येत नाही.

खान्देशातून जाणाऱ्यांनी आणखी एक बघाच. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, काटा चढला की मिस्तरी रेडिएटरमध्ये बाटलीभर साधं पाणी ओततो. दोन उन्हाळ्यांत कूलंटचं नुसतं पाणी होतं. मनालीच्या रात्री ते गोठतं, आणि गोठलेलं पाणी फुगतं, रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक फोडतं. निघण्याआधी सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. वायपरच्या टाकीतलं पाणीही काढा. डिझेल गाडी असेल तर खालून भरलेल्या टाकीवर फार वर जाऊ नका. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्यात गोठून फिल्टर बुजवतं. लडाखसाठी २०१९ पासून जे हिवाळी डिझेल मिळतं ते उणे ३३ पर्यंत वाहतं, ते याचसाठी. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओली केबल गोठते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. आणि बर्फात अडकून हीटरसाठी इंजिन चालू ठेवणार असाल तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपतो तो उठत नाही.

घरी आल्यावर

चिखलातून आल्यावर नाला ओलांडला असेल तर दोन्ही डिफरन्शिअलच्या ब्रीदर नळ्या (हवा आत-बाहेर जाण्याच्या) बघा. तापलेलं डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर मातीने बुजला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेतं. प्लग ढिला करून दोन थेंब तेल बोटावर घ्या. दुधी दिसलं की बदला, थांबू नका.

आणि भाच्याचा मागच्या आठवड्यातला फोन: "मामा, ऐंशीला गेली की स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंट करून आलो, बॅलन्सिंग सांगितलंय, टायर बदलायचेही म्हणाले." मी म्हटलं, गाडीखाली झोप आणि रिमच्या आतल्या बाजूने हात फिरव. थोड्या वेळाने त्याने फोटो पाठवला. उजव्या पुढच्या रिममधून निघालेलं भाकरीएवढं काळं ढेकूळ, विटेसारखं वाळलेलं, आणि त्यावर रिमच्या आतल्या गोलाईचा ठसा.